आयरिश पूर्वज शोधताय? आधी त्यांची वाडी शोधा

मी नाशिकची. आमच्याकडे घराण्याची माहिती हवी असली की तीर्थपुरोहितांकडे जायचं, गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, की ते कापडात गुंडाळलेली नामावळीची वही काढतात आणि पणजोबा कुठल्या साली कुणाच्या अस्थी घेऊन आले होते ते त्यांच्याच सहीनं समोर. चहा गार व्हायच्या आत चार पिढ्या. मग माझं लग्न झालं बॉस्टनच्या एका आयरिश घरातल्या मुलाशी, नोकरीपायी आम्ही आलो डब्लिनला, आणि सासूबाईंचा फोन, अगं तू आता तिथंच आहेस तर आपली माणसं नेमकी कुठली ते शोध की जरा, आपण लिमरिकचे एवढंच मला माहितीये. म्हटलं शोधू, त्यात काय. दोन वर्षं लागली, आणि त्यातले आठ महिने मी चुकीच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, शोधत होते, ते का ते पुढे सांगते.

आता ओळखीत कुणालाही आयरिश आजी-आजोबा निघाले की मलाच मेसेज येतो, त्यात पुण्यातल्या एका अँग्लो-इंडियन मैत्रिणीचाही आला, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतेय. लांब आहे, सेव्ह करून ठेवा.

"सगळं जळून गेलं" हे अर्धंच खरं

पहिल्यांदा ही भीती काढून टाका. १९२२ च्या जूनमध्ये, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचा बहुतेक भाग गेला (काही तुकडे उरलेत), मृत्युपत्रं गेली, चर्च ऑफ आयर्लंड म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट चर्चची तिथं जमा केलेली शेकडो रजिस्टरं गेली. १८६१ आणि १८७१ च्या जनगणना मात्र आगीत नाही गेल्या, त्या सरकारनंच आधी नष्ट केल्या होत्या, आणि १८८१, १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत लगदा करायला गेले. म्हणजे आगीच्या नावावर बाकीच्यांची पापंही खपतात.

पण काय वाचलं ते बघा. जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद वेगळ्या ऑफिसात होती, ती शाबूत. कॅथलिक चर्चची रजिस्टरं गावोगावच्या पाद्र्यांकडे होती, ती शाबूत. १९०१ आणि १९११ च्या जनगणना शाबूत. जमिनीच्या मूल्यांकनाची छापील पुस्तकं शाबूत. साध्या शेतकरी-मजूर कॅथलिक कुटुंबासाठी, आणि बाहेर गेलेले बहुतेक तेच, एवढं पुरतं. जळालेल्यातलं इतर ठिकाणच्या नकलांवरून परत उभं करायचं काम व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी या साइटवर चालू आहे, २०२२ मध्ये आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा ती सुरू झाली, फुकट आहे, पण ती नंतर. आधी घरातून सुरुवात.

आयर्लंडमध्ये शोधायच्या आधी

सगळ्यात मोठी चूक ही होते की माणूस थेट आयरिश साइट उघडतो आणि पॅट्रिक मर्फी टाईप करतो. मर्फी हे आयर्लंडमधलं सगळ्यात कॉमन आडनाव. आपल्याकडे पाटील टाकून बघा काय होतं ते.

आपल्याकडे निदान 'कर' असतं. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मराठी माणसाला कुणी सांगावं लागलं नाही की वडिलांकडचं गाव मालवणजवळचं वराड. आईकडचं घराणं डंगार्वनचं, वॉटरफर्ड काउंटीतलं, पण त्या बाजूचं आडनाव काही गाव सांगत नाही. आयरिश आडनाव फार तर प्रदेश सुचवतं, बाकी गाव तुम्हालाच शोधावं लागतं आणि ते शोधायची जागा म्हणजे तो माणूस जिथं गेला तो देश.

तर जिथं स्थायिक झाले तिथले कागद आधी गोळा करा, सगळे. अमेरिकेत असतील तर चर्चमधली लग्नाची नोंद, नागरिकत्वाचे कागद, वर्तमानपत्रातली निधनवार्ता, आणि थडग्यावरचा दगड, कारण एकोणिसाव्या शतकातल्या आयरिश थडग्यांवर 'अमुक काउंटीचा, तमुक पॅरिशचा रहिवासी' असं कोरलेलं (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) बऱ्याचदा सापडतं. न्यूयॉर्कमध्ये असतील तर एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेची जुनी खाती बघा, ही बँक १८५० मध्ये आयरिश लोकांसाठीच निघाली, खातं उघडताना ओळख पटवायला गाव, आईबाप, भावंडं विचारून लिहून ठेवायचे. बॉस्टनमध्ये 'पायलट' नावाच्या पेपरात १८३१ पासून हरवलेल्या नातेवाईकांच्या जाहिराती यायच्या, अमका भाऊ अमक्या गावचा, अमक्या बोटीनं आला, पत्ता असल्यास कळवा. ऑस्ट्रेलियात गेले असतील तर तुम्ही नशीबवान, तिथल्या मृत्यूच्या दाखल्यावर बऱ्याचदा आईबापांची नावं आणि जन्मगावसुद्धा असतं. इंग्लंडच्या जनगणनेत मात्र जन्मस्थळ म्हणून नुसतं 'आयर्लंड' लिहून मोकळे होतात.

फक्त आपला माणूस नको, त्याची भावंडं, मेव्हणे, लग्नातले साक्षीदार, शेजारी, सगळे टिपा. एकाच वाडीतले लोक एकाच गल्लीत जाऊन राहायचे, गिरणगावात एका गावच्या लोकांची एक खोली असायची तसंच. आम्हाला गाव सापडलं ते नवऱ्याच्या खापरपणजोबांच्या कागदात नाही, त्यांच्या बहिणीच्या निधनवार्तेत.

तिथली जमीन कशी विभागलेली आहे

हे कंटाळवाणं वाटेल पण हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, माझे आठ महिने इथंच गेले.

सगळ्यात लहान भाग म्हणजे टाउनलँड. नावात टाउन असलं तरी शहर नाही, आपली वाडी समजा, किंवा दस्तऐवजात 'मौजे' लिहितात ते. साठ हजारांच्या वर टाउनलँड आहेत आणि एकाच नावाचे खंडीभर. ग्रामीण माणसाचा पत्ता म्हणजे टाउनलँड. असे बरेच टाउनलँड मिळून एक सिव्हिल पॅरिश, त्यावर बॅरनी, त्यावर काउंटी, आणि काउंट्या ३२.

इथपर्यंत ठीक. आता घोळ असा की कॅथलिक चर्चची पॅरिश आणि सिव्हिल पॅरिश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हद्दी वेगळ्या, कधी नावंही वेगळी. आणि १८३८ नंतर गरिबांसाठी वर्कहाऊस बांधायला जे पुअर लॉ युनियन आखले ते बाजाराच्या गावाभोवती आखले, काउंटीची हद्द न बघता, आणि नंतर जन्म-मृत्यू नोंदणीचे जिल्हे त्याच युनियनवर बेतले. म्हणजे नोंदणीत 'लिमरिक' असं दिसलं तर ती लिमरिक काउंटी असेलच असं नाही. लिमरिक युनियनचा एक तुकडा नदीपलीकडे क्लेअर काउंटीत होता. आमची माणसं क्लेअरची. सासूबाईंच्या घरात तीन पिढ्या 'आपण लिमरिकचे' चाललेलं, ते खोटं नव्हतं, बाजार लिमरिकला, नोंदणी लिमरिकला, बोट पकडायला निघाले तेही लिमरिकवरून, पण घर क्लेअरमध्ये. आणि मी बसलेय लिमरिक काउंटीची रजिस्टरं चाळत.

म्हणून टाउनलँडचं नाव हाती आलं की पहिलं काम, टाउनलँड्स डॉट आयई वर जाऊन ते कुठल्या सिव्हिल पॅरिशमध्ये, कुठल्या बॅरनीत, कुठल्या काउंटीत हे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, आणि तिथली कॅथलिक पॅरिश कुठली ते नॅशनल लायब्ररीच्या नकाशावर बघून त्याखाली लिहा. नाव जुळत नसेल तर मोठ्यानं वाचून बघा. मूळ आयरिश नाव, ते ऐकून इंग्रजी स्पेलिंग केलं क्लार्कनं, मग अमेरिकेत दुसऱ्या क्लार्कनं ऐकून तिसरंच केलं. कानाला जुळतं तेच खरं.

१९०१ आणि १९११ ची जनगणना

माणूस १८५० मध्येच गेला असेल तरी इथून सुरुवात करा, कारण कुणीतरी मागे राहिलेलं असतं, एखादा भाऊ शेती धरून. आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर दोन्ही जनगणना पूर्ण फुकट आहेत, मूळ फॉर्मच्या फोटोसकट. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धर्म, लिहिता-वाचता येतं का, आयरिश बोलता येतं का, जन्म कुठल्या काउंटीत. १९११ च्या फॉर्ममध्ये लग्न झालेल्या बाईला लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि त्यातली किती जिवंत आहेत हेही विचारलंय. अकरा झाली, सहा आहेत, असं एका ओळीत वाचताना जरा थांबायला होतं.

घराचा फॉर्म वेगळा असतो तो पण उघडा, भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर गवताचं की स्लेटचं, पुढच्या बाजूला खिडक्या किती, आणि जमीनमालक कोण, सगळं येतं.

आता वयाची गंमत. आमच्या खापरपणजोबांचा भाऊ १९०१ मध्ये ५८ वर्षांचा आणि १९११ मध्ये ७३. दहा वर्षांत पंधरानं म्हातारा. मला वाटलं दोन वेगळी माणसं. मग कळलं की १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरीच्या पुढच्यांना सरकारी पेन्शन सुरू झाली, आणि जन्मदाखला कुणाकडेच नाही, कारण सगळ्यांची सक्तीची नोंदणीच १८६४ ला सुरू झाली. तर अख्ख्या देशात लोक एकदम म्हातारे झाले. बाप्तिस्म्याची नोंद सापडली ती १८४१ च्या ऑक्टोबरमधली, म्हणजे दोन्ही जनगणनांतली वयं चूक, एकदा कमी, एकदा जास्त. जनगणनेतलं वय हा अंदाज धरायचा, मागेपुढे दहा वर्षं सोडून.

या पेन्शनमुळे एक फायदाही झालाय. वय सिद्ध करायला लोकांनी अर्ज केले की १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत माझं नाव शोधा, आणि ऑफिसानं शोधून उतारे काढून ठेवले. मूळ वह्या १९२२ ला जळाल्या, उतारे राहिले. नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर 'सेन्सस सर्च फॉर्म्स' नावानं आहेत, त्यात आईचं माहेरचं आडनाव आणि टाउनलँड मिळून जातं. फार कमी लोक बघतात हे.

१९२६ च्या जनगणनेला शंभर वर्षांचं कुलूप, ते १८ एप्रिल २०२६ पर्यंतचं. त्यात २६ काउंट्याच आहेत, कारण तोवर फाळणी होऊन उत्तरेकडच्या सहा ब्रिटनकडे राहिल्या होत्या; उत्तर आयर्लंडची १९२६ ची जनगणना टिकलेली नाही.

सरकारी नोंदी: जन्म, लग्न, मृत्यू

तारखा पाठ करा. १ एप्रिल १८४५ पासून कॅथलिक सोडून बाकीच्यांची लग्नं. १ जानेवारी १८६४ पासून सगळ्यांचे जन्म, मृत्यू आणि लग्नं.

साइट एकच, आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई, सरकारी, फुकट. जन्म १०० वर्षांपूर्वीचे, लग्नं ७५ वर्षांपूर्वीची, मृत्यू ५० वर्षांपूर्वीचे दिसतात, दर वर्षी एक साल पुढे सरकतं. शोध टाकायचा, यादी आली की त्यातल्या नावावर क्लिक करायचं आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो उघडायचा. यादी बघून थांबू नका, खरी माहिती पानावर असते. १९२२ च्या आधीचं उत्तर आयर्लंडही याच साइटवर आहे, त्यानंतरचं बेलफास्टच्या रजिस्टर ऑफिसच्या साइटवर पैसे भरून.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव, वडिलांचं नाव आणि राहण्याचं ठिकाण, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव, वडिलांचा धंदा, आणि कुणी येऊन सांगितलं त्याचं नाव. लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे, पण आयांची नावं नाहीत. वयाच्या जागी 'फुल एज' लिहिलं असेल तर फक्त २१ पूर्ण एवढाच अर्थ घ्या. मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावं नसतातच, फक्त वय, धंदा, कारण, आणि सांगणारा कोण. त्यामुळे नुसत्या मृत्यूच्या नोंदीवरून मागची पिढी गाठता येत नाही, मात्र सांगणारा माणूस सहसा मुलगा नाहीतर सून, तो धागा पकडायचा.

कुठली नोंद कशात फसवते हे माहीत पाहिजे. जन्म उशिरा नोंदवला तर दंड होता, त्यामुळे लोक सरळ तारीख पुढची सांगायचे. परिणाम असा की चर्चमध्ये बाप्तिस्मा ३ मार्चला आणि सरकारी जन्म १९ मार्चला, म्हणजे जन्माच्या आधीच बारसं. अशा वेळी चर्चचं खरं धरा. आणि सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी नोंदी झाल्याच नाहीत, चालत जायला दहा मैल कोण जातंय, तर नाव नाही मिळालं म्हणजे माणूस नव्हता असं होत नाही.

सर्च करताना ओ आणि मॅक काढून एकदा आणि लावून एकदा बघा, एकोणिसाव्या शतकात बऱ्याच जणांनी ते टाकून दिले होते आणि नंतर काहींनी परत लावले. पहिल्या नावांचाही असाच खेळ. ब्रिजेट म्हणजेच बिडी, ब्रायडी, डीलिया. होनोरा म्हणजे नोरा किंवा हॅना. टिमथी म्हणजे थेडी. जेरेमाया म्हणजे डार्बी. बबन, बाळ्या, पप्पू यांची खरी नावं परक्या माणसाला कशी कळणार, तसंच ते.

दाखला पासपोर्टसाठी हवा असेल (आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मले असतील तर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो) तर साइटवरचा फोटो चालत नाही, अधिकृत प्रत विकत घ्यावी लागते.

चर्चची रजिस्टरं

१८६४ च्या मागं जायला हाच रस्ता. कॅथलिक रजिस्टरांचे फोटो नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडनं २०१५ मध्ये फुकट टाकले, हजारावर पॅरिश, साधारण १८८० पर्यंत. नकाशावर क्लिक करायचं, पॅरिश निवडायची, साल आणि महिना निवडायचा, की पान समोर. या साइटवर नावानं सर्च होत नाही, पान पान वाचावं लागतं, म्हणून तर वाडी आधी शोधा म्हणतेय. नावानं शोधायला फाइंडमायपास्ट आणि अँसेस्ट्रीवर याच पानांची सूची आहे, आणि रूट्सआयर्लंडवर बहुतेक काउंट्यांच्या केंद्रांनी वाचून टाईप केलेल्या नोंदी आहेत, त्याला पैसे पडतात. माझी युक्ती म्हणजे आधी महिनाभर सगळे प्रश्न वहीत लिहून काढायचे, मग एकाच महिन्याची वर्गणी घ्यायची आणि रात्री जागून संपवायचं. डब्लिन शहर, केरी आणि कॉर्कच्या काही भागातली मात्र चर्चच्या नोंदींची सूची त्या सरकारी साइटवरच फुकट आहे.

किती मागे जाता येईल हे नशिबावर. डब्लिन आणि पूर्वेकडच्या गावांत अठराव्या शतकापर्यंत, पण पश्चिमेला, कोनाक्ट आणि डॉनेगलकडे, कित्येक पॅरिशची रजिस्टरं १८२० ते १८५० च्या दरम्यानच सुरू होतात.

नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये. घाबरू नका, फक्त पहिली नावं लॅटिन, आडनावं इंग्रजीच. जोआन्नेस म्हणजे जॉन, जाकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. बाप्तिस्म्यात बाप, आई तिच्या माहेरच्या आडनावासकट, आणि दोन धर्म-पालक, म्हणजे गॉडफादर-गॉडमदर. हे धर्म-पालक म्हणजे मामा, काका, मावशी यातलं कुणीतरी असण्याची शक्यता फार, त्यांची नावं उतरवलीच पाहिजेत. लग्नाच्या नोंदीशेजारी कधी 'तिसऱ्या पिढीतलं रक्ताचं नातं, परवानगी दिली' अशा अर्थाचा लॅटिन शेरा असतो, तो दिसला तर उडी मारा, कारण नवरा-नवरी भावकीतले आहेत हे फुकटात कळलं. आणखी एक, १९०८ नंतर लग्न झालं की ते बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीशेजारी समासात लिहायची पद्धत पडली, म्हणजे १८८० मध्ये क्लेअरला बाप्तिस्मा झालेल्या मुलीचं न्यूयॉर्कमधलं लग्न इथल्या समासात सापडू शकतं.

लग्न शोधायचं ते नवरीच्या पॅरिशमध्ये. आणि महिना? आपल्याकडे चातुर्मासात लग्नं नाहीत तशी तिथं ईस्टरच्या आधीच्या लेंट उपवासात नाहीत, त्यामुळे लेंट लागायच्या आधीच्या दिवसांत नुसती झुंबड. फेब्रुवारीची पानं आधी वाचा, वेळ वाचेल.

पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, अशी त्यांची रीत. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, आज्याचं नाव नातवाला ठेवणं घरोघरी होतंच. सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे क्रमानं लावले की आजोबा-आजीचा अंदाज येतो. अंदाजच, पुरावा नाही.

प्रोटेस्टंट घर असेल तर डब्लिनचं रिप्रेझेंटेटिव्ह चर्च बॉडी लायब्ररी, उत्तरेकडचं आणि प्रेस्बिटेरियन असेल तर बेलफास्टचं सरकारी अभिलेखागार, ज्याला सगळे प्रोनी म्हणतात. सगळं जळालं म्हणून सोडू नका. ओबामांची आयरिश बाजू अशीच निघाली, २००७ मध्ये, मनीगॉलजवळच्या टेंपलहॅरी चर्चच्या रजिस्टरातून. १८५० मध्ये अमेरिकेला गेलेला फॉलमथ कर्नी, चांभाराचा मुलगा, आणि ते पुस्तक तिथल्या रेक्टरच्या ताब्यात सुखरूप होतं.

आयर्लंडचा सातबारा

रिचर्ड ग्रिफिथनं १८४७ ते १८६४ या काळात कर ठरवायला अख्ख्या देशाची घरं आणि शेतं मोजून छापली, त्याला ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन म्हणतात. कुळाचं नाव, मालकाचं नाव, टाउनलँड, क्षेत्र, आकारणी. आस्क अबाउट आयर्लंड साइटवर नकाशासकट फुकट. फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बायकामुलं नाहीत, पण १८४० च्या दशकातल्या, बटाट्याचं पीक बुडाल्यामुळे पडलेल्या मोठ्या दुष्काळानंतर कोण कुठल्या तुकड्यावर उरलं होतं ते कळतं. एकाच वाडीत एकाच नावाचे दोघं असतील तर नावापुढे बापाचं नाव नाहीतर 'रेड', म्हणजे तांबडा, असली टोपणनावं छापलीत, ती सोडू नका. त्याच्याही मागे १८२३ ते १८३८ ची दशमांश कराची पुस्तकं आहेत, पण त्यात बटाट्याच्या तुकड्यावर जगणारा भूमिहीन मजूर सहसा येत नाही.

ग्रिफिथनंतर दर काही वर्षांनी नोंदी खोडून नव्या नावांनी दुरुस्त केल्या, वेगवेगळ्या रंगांच्या शाईत. जमीन बापाकडून मुलाकडे कुठल्या साली गेली ते त्यातून कळतं, म्हणजेच बाप साधारण कधी गेला तेही. उत्तर आयर्लंडच्या या वह्या प्रोनीच्या साइटवर फुकट, बाकीच्यांसाठी डब्लिनला चक्कर.

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला नाही

अ‍ॅनी मूरची गोष्ट ऐका. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, बाहेरून येणाऱ्यांना उतरवून घेण्याचं केंद्र, उघडलं तेव्हा पहिली उतरली ती कॉर्कची अ‍ॅनी, दोन धाकटे भाऊ बरोबर. पुढे कित्येक वर्षं सगळे सांगत होते की ती टेक्ससला गेली. २००६ मध्ये निघालं की टेक्ससची अ‍ॅनी मूर वेगळीच, तिचा जन्मच अमेरिकेतला. खरी अ‍ॅनी मॅनहॅटन सोडून कधी गेलीच नव्हती आणि क्वीन्सच्या कॅल्व्हरी स्मशानभूमीत बिनदगडाच्या जागेत होती. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध आयरिश मुलीबाबत हे, तर आपल्या मर्फीचं काय.

माझा नियम, तीन गोष्टी जुळल्याशिवाय कुटुंबाच्या झाडात नाव टाकायचं नाही: टाउनलँड, आईचं माहेरचं आडनाव, आणि एखादं भावंड किंवा धर्म-पालक. दुसऱ्यांनी ऑनलाइन टाकलेली झाडं फक्त इशारा म्हणून बघा. आणि जे शोधलं आणि नाही सापडलं तेही तारखेसकट लिहा, नाहीतर तीच पॅरिश तुम्ही तीनदा वाचणार, मी वाचलीये.

पुणे-मुंबई मार्गे आयर्लंड

त्या पुण्याच्या मैत्रिणीसाठी हा भाग. ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपियन पलटणींत आयरिश शिपाई भरपूर होते. बॉम्बे फ्युझिलियर्स ही पलटण तर १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. त्यामुळे खडकी, देवळाली, भुसावळ, इगतपुरीकडच्या अँग्लो-इंडियन घरात आयरिश आडनाव निघालं तर नवल नाही.

इथं सुरुवात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सपासून. मुंबई इलाख्याचे बाप्तिस्मे, लग्नं, दफन यांची मालिका एन-३, फोटो फाइंडमायपास्टवर. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची साइट फुकट, ती आधी बघा. पूर्वज ब्रिटिश सैन्यातून पेन्शनवर गेला असेल तर त्याचे डब्ल्यूओ ९७ (ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली शिपायांच्या नोकरीच्या कागदांची मालिका) मधले कागद सोनं, कारण त्यावर जन्म कुठल्या पॅरिशमध्ये, कुठल्या गावाजवळ, कुठल्या काउंटीत ते छापील नमुन्यात भरलेलं असतं. म्हणजे जी वाडी शोधायला बॉस्टनवाल्यांना वर्षं लागतात तिच्या उंबऱ्यापर्यंत शिपायाचे वंशज एका कागदात पोचतात. भारतातल्या जुन्या युरोपियन कबरींची माहिती १९७६ पासून बॅक्सा नावाची संस्था गोळा करतेय.

शेवटी स्मशानात

दफनाच्या नोंदीबाबत कॅथलिक चर्च ढिलं. बाप्तिस्मा आणि लग्न लिहायचे, दफन फारसं नाही. त्यामुळे दगड आणि स्मशानाची स्वतःची रजिस्टरं.

शहरातलं सोपं. डब्लिनचं ग्लासनेव्हिन १८३२ मध्ये सुरू झालं, पंधरा लाखांवर माणसं तिथं आहेत, रजिस्टर पहिल्यापासून, ऑनलाइन पैसे भरून. तिथं त्याच कबरीत आणखी कोण कोण आहे हे दाखवणारा शोध निवडा, थोडे जास्त पडतात पण अख्खं कुटुंब एका पानावर मिळतं. बेलफास्टमध्ये सिटी कौन्सिलच्या साइटवर सिटी सेमेटरीची नोंद शोधता येते.

खेड्यात वेगळं. पडक्या मध्ययुगीन चर्चभोवतीच्या जुन्या जागेत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही पंथांचे लोक पुरलेले असतात, त्यामुळे कॅथलिक माणसाचं दफन प्रोटेस्टंट रजिस्टरात निघालं तर दचकू नका. गरिबाला दगड परवडायचा नाही, नुसता खडबडीत धोंडा रोवलेला असतो, दुष्काळातल्यांना तोही नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना तर वेगळ्याच जागी पुरायचे, किलीन म्हणतात त्याला, तिथं काहीच लिहिलेलं नसतं.

जायच्या आधी हिस्टॉरिक ग्रेव्ह्ज आणि फाइंड अ ग्रेव्ह बघून घ्या, आणि क्लेअर असेल तर क्लेअर काउंटी लायब्ररीची साइट, तिथं स्वयंसेवकांनी दगडांवरचा मजकूर उतरवून ठेवलाय, त्याच्याइतकं चांगलं काम मी दुसरीकडे पाहिलं नाही. सोबत रबरी बूट, टॉर्च, आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ब्लीच, खडू, शेव्हिंग फोम यातलं काहीही दगडाला लावायचं नाही, अक्षरं कायमची जातात. त्यापेक्षा संध्याकाळचं तिरकं ऊन पडेपर्यंत थांबा नाहीतर टॉर्च दगडाच्या अगदी जवळ धरून बाजूनं मारा, सावलीत अक्षरं उठतात. चारही बाजूंचे फोटो घ्या, शेजारच्या दगडांचेही.

मजकूर वाचताना पहिली ओळ बघा. 'अमक्यानं उभारला' अशी सुरुवात असते, आणि उभारणारा परदेशातला असेल तर तेही लिहितात. दगड बऱ्याचदा मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांनी, पैसे आले की उभारलेला, त्यामुळे त्यावरच्या जुन्या तारखा आठवणीतल्या. सरकारी नोंदीशी एक-दोन वर्षांचा फरक पडला तर रजिस्टर खरं.

आमचा दगड आम्हाला दुसऱ्या खेपेला सापडला, आयव्हीच्या वेलीखाली, ऑक्टोबरमध्ये, चार वाजता ऊन तिरकं झाल्यावर. नवरा गुडघ्यावर बसून एकेक अक्षर वाचत होता आणि मी वहीत लिहीत होते. उभारणारी बॉस्टनची बहीण, तीच, जिच्या निधनवार्तेत गाव सापडलं होतं. खाली आईबापांची नावं आणि टाउनलँड कोरलेलं. सासूबाईंना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, म्हणजे आपण लिमरिकचे नाही?

मृत्यूचं साल दगडावर १८७९ आहे, रजिस्टरात १८८०.